एका रनाची मॅच

आमच्या कचेरीत नवे साहेब आले की हेडक्लार्क एकेकाची ओळख करून देतात. हे आस्थापना, हे लेखा, हे आवक-जावक. माझ्या टेबलापाशी आले की ते जरा थांबतात, चष्मा वर सरकवतात आणि म्हणतात, "आणि हे आमचे बेसबॉल." साहेब हसतात. बाकीचे फायलीत तोंड घालून हसतात. मीही हसतो, कारण अशा वेळी न हसणारा माणूस जास्तच चोर दिसतो.

मी खेळाडूंच्या आरक्षणातून लागलेला कारकून आहे. हिंगोली जिल्ह्यात बेसबॉल म्हटलं की लोक आधी "काय?" म्हणतात, मग "अच्छा, ते अमेरिकेचं व्हय," म्हणतात आणि शेवटी एक डोळा बारीक करून "बरं जमवलं," म्हणतात. त्यांना तरी काय बोलायचं? खोट्या प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. ज्या खेळाची बॅट गावात कुणी धरली नाही, त्याच्या जोरावर एक माणूस पंख्याखाली बसलाय म्हटल्यावर शेंबडं पोरसुद्धा समजायचं ते समजून जातं.

माझं प्रमाणपत्र खरं आहे. वरून तपासणी झाली तेव्हाही ते खरंच निघालं. पण कागद खरा निघाला म्हणून माणूस खरा वाटतो असं नाही, आणि माझ्या बाबतीत घात केला तो त्या मॅचच्या स्कोअरनं. ती मॅच आम्ही एक विरुद्ध शून्य अशी जिंकली होती.

एकदा जेवणाच्या सुट्टीत हे सांगून बसलो. डबे उघडलेले होते. हेडक्लार्कनी लोणच्याची फोड दाढेखाली धरत विचारलं, "त्या तुमच्या मॅचमधी रन किती काढले म्हणं तुमी?"

"एक."

"एक काय? एकशे एक?"

"एक रन."

"आन् त्यांनी?"

"शून्य."

मग आवक-जावकवाले म्हणाले, "अहो, खोटंच लिवायचं तर माणसानं सत्तर-ऐंशी तरी लिवावं. तिथं बी कंजूसपणा!"

लोक इतके हसले की शिपाई दारातून डोकावून गेला. त्या दिवसापासून आवक-जावकवाल्यांना नवा नाद लागला. रद्दी कागदाचा गोळा करायचा, "घ्या बेसबॉल, कॅच!" म्हणायचं आणि माझ्याकडे फेकायचा. मी हात उचलत नसे. गोळा शर्टावर आपटून खाली पडायचा, आणि मी तो उचलून टोपलीत टाकायचो.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला एक-शून्य समजावणं अवघड आहे. त्याला वाटतं, एकच रन म्हणजे त्या दिवशी कुणाला खेळता येत नव्हतं. बेसबॉलमध्ये तीन ठाणी ओलांडून चौथ्यावर, म्हणजे घरी परत आलं तर एक रन होतो. बॉल टाकणारा, म्हणजे पिचर, चांगला असला तर समोरच्याची बॅट बॉलला लागतच नाही, मग ठाणं गाठणं लांबच राहिलं. त्या शून्यासाठी कुणीतरी जीव तोडून राबलेलं असतं. आमच्या मॅचमध्ये राबलेला तो माणूस मी नव्हतो, आणि माझं खरं दुखणं तेच होतं.

आमचा पिचर आखाडा बाळापूरकडच्या एका तांड्यावरचा. लहानपणापासून ज्वारी राखायला मचाणावर बसलेला. गोफण तर तो फिरवायचाच, पण नुसत्या हातानं मारलेला खडाही कणसावरच्या पाखराला बराबर लागायचा. ज्युनिअर कॉलेजच्या आमच्या खेळाच्या सरांनी त्याला एकदा कॉलेजमागची चिंच पाडताना पाहिलं. शिक्षा करायला बोलावलं आणि हातात बेसबॉल दिला. बाकीची टीम त्याच्याभोवती गोळा केली, घराला कुंपण लागतं म्हणून. मला उंचीवर घेतलं होतं.

ग्लोव्ह पुरत नव्हते. फाटका होता तो मला मिळाला, कारण माझी जागा राईट फिल्डला, मैदानाच्या उजव्या कोपऱ्यात होती. ज्याच्याकडे बॉल जाऊ नये असं वाटतं, त्याला तिथं उभा करतात. हे मला कुणी सांगितलं नाही, पण कळायला अक्कल लागत नव्हती.

राज्याच्या स्पर्धेत आम्ही तिसऱ्या नंबराच्या मॅचपर्यंत पोचलो. तिसऱ्यापर्यंत आलं तर नोकरीला सर्टिफिकेट चालतं, एवढं सरांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्या मॅचमध्ये पिचरनं समोरच्यांना बॅट नुसती वाऱ्यावर फिरवायला लावली. आमचा एकुलता एक रनही त्यानंच काढला. तो तिसऱ्या ठाण्यावर होता आणि बॅटिंगला मी. मी डोळे मिटून बॅट फिरवली. बॅट बॉलला लागली नाही, पण मी इतका वेडावाकडा फिरलो की माझ्यामागं बसलेला त्यांचा कॅचरही गांगरला, बॉल त्याच्या हातून सुटून मागं गेला आणि आमचा गडी धूळ उडवत घरी घुसला. मॅच जिंकण्यातला माझा वाटा तो एवढाच.

बाकी सगळा वेळ मी राईट फिल्डला उभा होतो. शेवटच्या डावात त्यांचे दोघे ठाण्यांवर असताना एक बॉल उंच उडून माझ्या दिशेनं आला. तो फक्कीच्या रेषेबाहेर पडला, म्हणजे मोजलाच जाणार नव्हता, आणि गडगडत कडुलिंबाखालच्या नालीत गेला. मी तो काढला, पँटीला पुसला आणि पिचरकडे फेकला. दोन टप्पे खाऊन तो त्याच्यापर्यंत पोचला. त्याच बॉलनं त्यानं पुढच्या फेकीत गडी बाद केला आणि मॅच संपली. सगळ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. मी लांब होतो, पळत येईपर्यंत ते त्याला खाली उतरवत होते.

कोटा असला तरी लेखी परीक्षा असतेच. मला पाठांतर होतं, मी लागलो. त्याला गणित आडवं आलं. वरचेवर बसला, मग वय निघून गेलं. आता तो हळद शिजवायचा कुकर ट्रॅक्टरला जोडून या शेतातून त्या शेतात फिरतो. बाळापूरला काम निघालं तर मी बाजाराच्या दिवशी जात नसे, उगाच गाठ पडायची म्हणून. त्याचं मी काही ओरबाडलं नव्हतं, पण लाज वाटायला गुन्हा करावाच लागतो असं नाही.

हे सगळं असंच झाकून राहिलं असतं. पण यंदा माझी नववीतली मुलगी शाळेतून आली आणि दप्तर न काढता दारात उभी राहिली.

"पप्पा, तुमचं सर्टिफिकेट खोटं हाय का?"

आवक-जावकवाल्यांची मुलगी तिच्या वर्गात आहे. कचेरीतली थट्टा डब्यातून घरी गेली होती आणि घरून शाळेत. मी तिला शांतपणे सगळं सांगू लागलो: मैदान, सर, ग्लोव्ह. तिनं मध्येच स्कोअर विचारला. मी सांगितला. तिचं तोंड उतरलं.

"पूर्ण मॅचमधी एक रन?" ती म्हणाली. "पप्पा, मला तरी खरं सांगा."

'मला तरी' हे शब्द मला फार लागले. बायको आतून ओरडली, "बापावर आसा संशय घेतेत का गं?" पण ती बाहेर आली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं मला त्या मॅचबद्दल कधीच काही विचारलं नव्हतं, आणि का विचारलं नव्हतं ते मला त्या क्षणी कळलं.

मुलगी खो-खो खेळते. चांगली खेळते, माझ्यावर गेलेली नाही. उन्हाळी शिबिरासाठी तिची निवड झाली होती. रात्री ताटावर बसल्यावर ती म्हणाली, "मी न्हाई जानार शिबिराला. उद्या मला सर्टिफिकेट भेटलं तरी बापासारखंच म्हनतील."

मी हातातला घास ताटात ठेवला. कचेरीनं मला काहीही म्हणावं, मी कातडी जाड करून घेतली होती. पण माझ्यापायी पोरीचं पळणं थांबणार असेल, तर त्यावर कातडीचा उपयोग नव्हता. त्या मॅचचा साक्षीदार मला ठाऊक असलेला एकच जवळपास होता. रविवारी मी गाडी काढली आणि तिला मागं बसवलं.

बाळापूरच्या वाटेवर मी मनाशी हिशेब मांडत होतो. मॅच झाली होती, एवढं तो सांगणारच. पण पुढं तो काय सांगेल? तुझा बाप कोपऱ्यात उभा होता, त्याच्याकडे एकच बॉल आला आणि तोही नालीत गेला, हे त्यानं सांगितलं तर ते खरंच होतं. सांगू दे, असं मी ठरवलं. खोटा बाप होण्यापेक्षा बिनकामाचा बाप बरा. तरी गाडी सावकाशच चालवत होतो, आणि मागून पोरगी दोनदा म्हणाली, "पप्पा, सायकलवाला पुढं गेला."

तो एका शेतात भेटला. कुकरच्या तोंडातून वाफ निघत होती आणि उकडलेल्या हळदीचा उग्र वास बांधापर्यंत येत होता. बाया शिजलेली हळद जमिनीवर पसरत होत्या. त्यानं आम्हाला पाहिलं, पिवळे हात धोतराच्या फडक्याला पुसले आणि म्हणाला, "या, साहेब."

आम्ही एकमेकांना आईवरून शिव्या देणारी माणसं. त्या 'साहेब'नं मी तिथंच बारीक झालो. "साहेब काय रे," असं मी म्हणालो, पण बायांसमोर त्यानं तो शब्द काही सोडला नाही.

पाणी पिऊन झालं आणि मी विषय कसा काढावा याचा विचार करत होतो, तोवर पोरीनंच विचारलं, "काका, पप्पा खरंच बेसबॉल खेळले का?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. त्या एवढ्यात त्याला सगळं उमगलं असणार, कारण "काहून गं?" असंही त्यानं विचारलं नाही.

"बस इथं, माय," तो म्हणाला.

ढिगातून मूठभर हळकुंडं घेऊन तो उकिडवा बसला आणि जमिनीवर मैदान मांडू लागला. चार हळकुंडं चार ठाण्यांची. मग एकेक खेळाडू. हा कॅचर, हा पहिल्या ठाण्यावरचा, हा लांबचा. सगळ्यात शेवटी एक चांगलं जाडजूड हळकुंड निवडून त्यानं पार उजव्या कोपऱ्यात ठेवलं.

"हा तुझा बाप."

पोरगी गुडघ्यावर वाकली.

"शेवटचा डाव. त्यांचे दोन गडी ठाण्यावर. बॅटिंगला त्यांचा पैलवान. त्यानं आसा टोला हानला, माय, का बॉल गेला आभाळात. आमी समदे मान वर करून राहिलो. मी तं डोळेच मिटले. म्हटलं, गेली मॅच. आन् तुझा बाप मांगं पळत सुटला. फाटका ग्लोव्ह हातात! पळता पळता त्या कडुलिंबापाशी गेला, आन् घेतली उडी. पडला, तोंडात माती गेली, पन हात वर. हातात बॉल."

"मंग?"

"मंग काय? जिंकलो आमी. त्यो कॅच सुटला आसता तर तिसरा नंबर बी न्हाई आन् सर्टिफिकेट बी न्हाई. कोनालाच."

पोरगी माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते मी तिच्या लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. मला "नाही" म्हणायचं होतं. तोंड उघडलंही, पण त्यातून "पाणी आणखी मिळेल का," असं काहीतरी निघालं.

"आन् काका, तुमी कुठं होते?" तिनं विचारलं.

मी जमिनीकडे पाहिलं. मैदानाच्या मधोमध, जिथं पिचर उभा राहतो, तिथं त्यानं काहीच ठेवलं नव्हतं. मोकळी माती होती.

"मी?" तो म्हणाला. "मी मधी. नुसता बॉल फेकून राहिलो होतो."

तेवढ्यात कुकरवरचा माणूस ओरडला आणि तो उठला. मी त्याच्या मागोमाग गेलो. वाफेत दोघंच उभे असताना हळूच विचारलं, "काहून सांगितलं रे असं?"

"लेकरू एवढ्या लांबून विचारायला आलं," तो झाकण ओढत म्हणाला. "त्याला काय सांगू मंग?" एवढं बोलून तो परत साहेब-साहेब करू लागला. निघताना त्यानं पोरीच्या हातात हळदीची पिशवी दिली. "वयनीला दे, म्हनावं घरची हाय."

परतीच्या वाटेवर पोरगी थांबेचना. जाताना गाडीची कडी धरून बसलेली, आता माझ्या खांद्यावर हात होता. पप्पा, तुम्ही कॅचचं कधी सांगितलंच नाही. पप्पा, लागलं होतं का? पप्पा, आईला माहिती आहे का? मी "हं, हं" करत होतो. मग ती म्हणाली, "पन पप्पा, ते काका काहीच खेळले न्हाईत. मग त्यांना टीममधी काहून घेतलं होतं?"

मी गाडी एका रसवंतीपाशी थांबवली. दोन ग्लास रस सांगितला, तिला बाकावर बसवलं आणि खरं सांगितलं. सगळं सांगितलं. बॉल रेषेबाहेर पडला होता, मी तो नालीतून काढला, माझी फेक त्याच्यापर्यंत धड पोचलीही नाही. रन त्यानं काढला, शून्य त्यानं ठेवलं, मॅच त्यानं एकट्यानं जिंकली आणि आपलं घर त्या मॅचवर चालतंय. बोलता बोलता माझा आवाज चढला होता. रसवाला घुंगराचा चरक थांबवून बघायला लागला.

पोरीनं शांतपणे ऐकून घेतलं. रस संपवला. ओठांवरचा फेस पुसला आणि हसली.

"पप्पा, तुमी ना लईच साधे," ती म्हणाली. "काकांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं तरी तुमी दुसऱ्यालाच मोठेपना देऊन राहिले. म्हनूनच तुमच्यावर कोनी विश्वास ठेवत न्हाई."

मी शपथ घेतली. तिनं माझ्या हातावर हात ठेवला, आणि चला म्हणाली.

ती शिबिराला गेली. जायच्या आधी शाळेत जे सांगायचं ते सांगूनही गेली असणार. कारण त्यानंतरच्या सोमवारी मी कचेरीत शिरलो तर हेडक्लार्क खुर्चीतून उठले. ते साहेबांशिवाय कुणासाठी उठत नाहीत.

"अहो, काय मानूस हाव तुमी! तोंडात माती जाऊस्तोवर कॅच धरला म्हणं, आन् इतकी वर्सं आमाला फक्त एक रन सांगून राहिले!"

मी म्हणालो, "तसं काही झालं नव्हतं."

"घ्या," ते बाकीच्यांना म्हणाले, "यांच्या लेकीनं शाळेत सांगितलं तस्संच. मोठेपना घेत न्हाईत."

कुणीतरी चहा मागवला. आवक-जावकवाले आपल्या टेबलावरून उठले, कागदाचा गोळा केला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांच्या तोंडावर थट्टा नव्हती, उलट ते जरा ओशाळलेलेच दिसत होते. "राग धरू नका," ते म्हणाले. "घ्या, कॅच." त्यांनी गोळा वर उडवला, लहान मुलाला टाकतात तसा, हळू. सगळी कचेरी माझ्याकडे बघत होती.

मी हात वर केला आणि तो पकडला.